न केलेले धंदे : वही रिकामी करतोय, ज्याला जे हवं ते न्या

फडताळ | ८ जून, रात्री १०.१४

गेल्या महिन्यात घर बदललं. माळ्यावरून एक दोनशेपानी वही खाली आली. ‘हा धंदा कुणीतरी करायला हवा’ असं वाटलं की २००४ पासून मी तिच्यात टिपून ठेवत आलोय. कुणीतरी म्हणजे मीच, हे तेव्हा गृहीत होतं. परवा मोजल्या तर ६१ कल्पना भरल्या. केलेल्या शून्य. नोकरी, गृहकर्ज, मुलीची दहावी, मग बारावी, मग माझी पाठ. कारणं सगळ्यांच्या घरची आहेत, उगाळत नाही.

आता पन्नाशी उलटली. माझ्या हातून यातलं काही होणार नाही हे कबूल करून वही इथे रिकामी करतोय. मला हिस्सा नको, श्रेय नको. एवढंच करा, की आधीच झालेलं असेल किंवा होण्यासारखं नसेल तर का ते सांगा. पहिला हप्ता घ्या.

छत्री. लोकलच्या स्टेशनवर भाड्याने घ्यायची, उतराल त्या स्टेशनवर परत टाकायची. ही २६ जुलै २००५ च्या आधीची आहे, त्यानंतर माझा छत्रीवरचा विश्वासच उडाला.

दळण. गिरणीवाला घरून डबा नेईल आणि दळून आणून देईल. यात काय मोठं, असं वाटेल. माझी आई चौथ्या मजल्यावर एकटी राहायची, लिफ्ट नव्हती. दहा किलो गव्हाचा डबा खाली न्यायला ती वॉचमनची वाट बघत बसायची. मी पिशवीतलं तयार पीठ आणून द्यायचो, ते तिने शेवटपर्यंत पीठ मानलं नाही. म्हणायची, ‘त्याला वास नाही.’

भिशी. वहीत एवढंच आहे : ‘भिशी, मोबाइल, हिशेब, नंबर!!’ दोन उद्गारचिन्हं कशासाठी ते आता आठवत नाही.

मोडी. आजोळी ट्रंकेत मोडी कागदांचं बाड आहे. फोटो काढला की देवनागरीत वाचून दाखवेल असं काहीतरी.

कांदा. साठवणीच्या चाळीत भरलेला उन्हाळ कांदा आतल्या आत सडायला लागतो, वर कळेपर्यंत उशीर होतो. वासावरून आधीच ओरडणारं यंत्र.

चहाटळ | ८ जून, रात्री १०.३१

६१ कल्पना आणि शून्य धंदे म्हणजे काही वाईट नाही हो. माझे दोन धंदे झाले आणि दोन्ही बुडाले, म्हणजे तुम्ही माझ्या पुढेच आहात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लाटकर | ८ जून, रात्री १०.५२

छत्रीचं उत्तर तयार आहे. शेन्झेनच्या एका चिनी कंपनीने २०१७ साली नेमकं हेच केलं. अकरा शहरांत मिळून तीन लाख छत्र्या ठेवल्या आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळ्या गायब. लोकांनी घरी नेल्या. छत्री परत करायची आठवण पाऊस असतानाच होते, आणि पाऊस असताना ती कोण परत करेल?

फडताळ | ८ जून, रात्री १०.५८

एक खोडली. राहिल्या ६०.

कलमदान | ९ जून, सकाळी ९.२०

भिशीबद्दल. मी कंपनी सेक्रेटरी आहे, म्हणून हे सांगणं भाग आहे. हात लावण्याआधी चिट फंड कायदा, १९८२ वाचा. आठ-दहा मैत्रिणी आपापसात करतात तिकडे कोणी फिरकत नाही, म्हणून भिशी कायद्याच्या बाहेरची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. तुम्ही ऍप काढून अनोळखी माणसं एकत्र आणली, पैसे तुमच्या खात्यातून फिरवले आणि वर कमिशन घेतलं, की तुम्ही त्या कायद्यातले ‘फोरमन’, म्हणजे भिशी चालवणारे, झालात. मग सरकारची पूर्वपरवानगी, निबंधकाकडे नोंदणी, तारण, सगळं आलं. कमिशनची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीत पाच टक्क्यांवरून सात केली, तेवढ्यात ऍप चालवून दाखवा. पैशाला हातच लावला नाही आणि नुसती हिशेबाची वही दिली तर गोष्ट वेगळी. पण त्या वहीचे पैसे कोण देणार?

वाती_ओवणारी | ९ जून, दुपारी २.०५

अहो कसलं ऍप घेऊन बसलात. आमची भिशी २२ वर्षं चालू आहे. बारा जणी, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, डबा हलवायचा मान जिच्या घरी भिशी तिच्या नातवंडाचा.

एका वर्षी आमच्यातल्या एकीच्या यजमानांची बायपास ठरली होती आणि पैशांची जुळवाजुळव चालली होती. त्या महिन्यात चिठ्ठी काढली दुसरीने. उघडली, त्या बायपासवालीचं नाव मोठ्याने वाचलं आणि चिठ्ठी चुरगाळून कचऱ्यात टाकली. आम्ही सगळ्या म्हणालो, बाई देवच पावला. वर्षाच्या शेवटी डब्यात एकच चिठ्ठी उरली. उघडली तर तीवर बायपासवालीचंच नाव! तेव्हा कळलं की त्या दिवशी निघालेली चिठ्ठी काढणारीची स्वतःचीच होती. तिला विचारलं तर म्हणाली, चष्मा घरी राहिला होता.

तुमचं ऍप चष्मा घरी विसरेल का?

चहाटळ | ९ जून, दुपारी २.११

काकू, दंडवत. फडताळसाहेब, आणखी एक खोडा.

यंत्रमाग | ९ जून, सायंकाळी ६.४०

धागाकर्त्यांनी एक मोठी चूक केली आहे. असं उघड्यावर लिहून टाकल्यावर कोणी उद्या यातलं काही बनवलं तर त्याला पेटंट मिळायचं नाही. निदान कांद्याचं यंत्र तरी लपवून ठेवायचं होतं.

कलमदान | ९ जून, सायंकाळी ७.१५

@यंत्रमाग, अर्धं बरोबर. अर्ज करण्याआधी जे जाहीर झालं ते नवं राहत नाही, हे खरं. पण जाहीर काय झालंय ते बघा ना. ‘वासावरून ओळखणारं यंत्र’ ही इच्छा झाली, शोध नाही. कुठला सेन्सर, कुठला वायू, कप्प्यात कुठे बसवायचा, ओल्या हवेत चुकू नये म्हणून काय करायचं, हे ज्याने सोडवलं त्याच्याकडे अजून पेटंट घेण्यासारखं बरंच उरतं. बाकी या वहीतलं फारसं काही पेटंटात बसणारच नाही. नुसता संगणकीय प्रोग्राम बसत नाही, धंद्याची पद्धत बसत नाही, शेतीची पद्धतही बसत नाही. १९७० च्या कायद्यातलं कलम ३ एकदा वाचा, निम्म्या स्टार्टअपवाल्यांची झोप उडेल.

सडेतोड | ९ जून, रात्री ९.०२

कल्पनेला कवडीची किंमत नसते. करून दाखवणाऱ्याला असते. बाकी चालू द्या.

लाटकर | ९ जून, रात्री ९.३०

@सडेतोड, हे वाक्य आता मिसळीवरच्या फरसाणासारखं झालंय, कशावरही टाकता येतं. तरी तुमच्या बाजूने एक उदाहरण देतो. लोखंडी नांगर ही काही लक्ष्मणराव किर्लोस्करांची कल्पना नव्हती, बाहेर तसे नांगर होतेच. पण लोखंडाने जमिनीत विष भिनतं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं कुठल्या वहीत लिहिता येत नाहीत.

आणि तुमच्या विरुद्धही एक आहे. शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबईत, १८६७. छपाईचे खिळे पाडणारं त्यांचं ‘भिसोटाइप’ यंत्र त्या काळातल्या यंत्रांपेक्षा पुष्कळ वेगाने चालायचं. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी खटपट केली, जमशेदजींचे चिरंजीव सर रतन टाटांनी पैसा घातला. हा माणूस नुसता कल्पना टिपत बसला नव्हता, यंत्र करून दाखवलं होतं. आज छापखान्यातल्या कुणाला त्यांचं नाव विचारून बघा. करून दाखवलं की किंमत येतेच, हे काही खरं नाही.

सडेतोड | ९ जून, रात्री ९.४४

फरसाण मान्य.

गोदाकाठ | १० जून, सकाळी ६.३५

निफाड तालुका. कांद्यावर बोलायचा हक्क आहे म्हणून लिहितो.

वासाचं यंत्र झालेलं आहे. आमच्या नाशिककडेच तरुण पोरांनी केलंय. चाळीत बसवायचं, हवेतला फरक टिपतं आणि मोबाइलवर कळवतं. यंत्रात खोट काढणार नाही. पण पुढचं ऐका. समजा ऑगस्टात मला कळलं की तिसऱ्या कप्प्यात सड चालू झाली. आता कप्पा फोडायचा. त्याला मजूर पाहिजेत आणि ते नेमके त्या आठवड्यात टोमॅटोवर गेलेले. मिळाले तरी फोडलेला माल निवडून परत भरता येत नाही, हाताळला की आणखी मार लागतो. म्हणजे तो विकायचाच. आणि त्या दिवशी लासलगावला भाव काय? मला सड कळली म्हणून कोणी भाव वाढवून देत नाही.

आमचे वडील रोज सकाळी चहाच्या आधी चाळीच्या कडेने एक फेरी मारतात. चिलटं कुठं जास्त घोंगावतात ते बघतात, एखाद्या जागी वाकून वास घेतात. सड त्यांनाही कळतेच की. करायचं काय ते कळत नाही.

जाता जाता, लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरण दिले की कांद्याला कोंब येत नाही. सड मात्र त्याने थांबत नाही, ती बुरशी आणि जिवाणूंची. पुण्या-मुंबईचे लोक नेहमी या दोन्हीची गल्लत करतात.

फडताळ | १० जून, सकाळी ८.१०

दादा, मग खरं कमी काय आहे? यंत्र नको तर काय हवंय?

गोदाकाठ | १० जून, सकाळी ८.२५

कांदा निवडणाऱ्या दहा बाया. दोन दिवसांसाठी, फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी येतील अशा. त्यांना गाडी, त्यांना चोख पैसे. आहे का वहीत?

फडताळ | १० जून, सकाळी ८.२६

नाही.

बोरूबहाद्दर | १० जून, रात्री ११.१८

मोडीवर उशिरा आलो. मी पानामागे पैसे घेऊन मोडी वाचून देतो, त्यामुळे माझ्या पोटावर पाय येईल अशी ही कल्पना आहे. तरी लिहितो.

मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या यादीत, २०१४ सालीच आली, टंक (फॉन्ट) आहेत. अडचण टंकाची नाही, हाताची आहे. बोरू न उचलता ओळ ओढायची म्हणून ही लिपी. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. रोजच्या वापरातले शब्द एका फटकाऱ्यात उरकलेले. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, आणि तोच कारकून सकाळी एक लिहितो आणि दिवे लागणीला दुसरंच. आयआयटी रुरकीच्या मंडळींनी २०२५ मध्ये मोडी पानांच्या प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी रूप असा संच तयार करून यंत्राला शिकवायला घेतलंय. होईल हळूहळू. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा आम्हा वाचणाऱ्यांना एकाएकी जो भाव आला, त्यावरून मागणी आहे हे नक्की.

माझी भीती वेगळी आहे. बखर वाचताना यंत्र चुकलं तर फार तर एखादा सरदार चुकीच्या गावी मुक्काम करेल. वाटणीच्या कागदात ‘पाव’चं ‘पाऊण’ वाचलं तर दोन घरं तीन पिढ्या कोर्टात.

तुमच्या ट्रंकेत काय आहे?

फडताळ | १० जून, रात्री ११.४०

माहीत नाही. मामा कागद बाहेर काढू देत नाही. त्याला वाटतं, त्यात जमीन निघेल.

बोरूबहाद्दर | १० जून, रात्री ११.४३

सगळ्यांच्या मामांना तसंच वाटतं. बहुतेक वेळा उसने दिलेल्या जोंधळ्याचा हिशेब निघतो.

नाचणीसत्त्व | ११ जून, दुपारी १२.५०

दळण कोणी उचललं नाही म्हणून मी उचलते. मला ते घरपोच नकोय, मला वेगळं काही हवंय.

माझ्या मुलाला चार वर्षांपूर्वी सिलिॲक निघाला. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन आयुष्यभर बंद. ‘थोडंसं चालतं’ असं नाही, कणभरही नाही. आम्ही सगळं घर ज्वारी, नाचणी आणि तांदळावर आणलं. पोराचं वजन वाढलं, पोटदुखी थांबली, पण रक्ताचे आकडे हवे तेवढे खाली येईनात. आठ महिने मी घरातली एकेक बरणी तपासली. हिंग सापडला. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. तो बंद केला. आकडे थोडे उतरले आणि थांबले.

मग एक दिवस गिरणीत उभी होते. माझ्या आधी कोणाचा तरी गहू चालला होता. तो संपल्यावर काकांनी पीठ पडतं त्या कापडी पिशवीला काठीने दोनदा झटकलं आणि माझी ज्वारी वर ओतली. खाली पहिलं जे पडलं ते ज्वारीचं नव्हतंच. पांढऱ्यावर तांबूस, हाताला मऊ. वाटीभर तरी असेल. मी चार वर्षं दर पंधरा दिवसांनी ती वाटी पोराला खाऊ घालत होते.

ग्लूटेनमुक्त म्हणायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. वाटीचं गणित तुम्हीच करा. मला अशी गिरणी हवी जिथे गहू शिरतच नाही. तुमच्या वहीत ही ६२ वी लिहा.

चहाटळ | ११ जून, दुपारी १.०४

यावर विनोद सुचत नाही.

यंत्रमाग | ११ जून, दुपारी १.३०

ताई, घरघंटी का घेत नाही?

नाचणीसत्त्व | ११ जून, दुपारी १.४५

घेतली आता. पण सगळ्यांना परवडत नाही. आमच्या गटात धुणीभांडी करणाऱ्या दोन आया आहेत, त्यांच्या खोलीत घरघंटी ठेवायची कुठे हा पहिला प्रश्न. शिवाय बाजारातलं ‘ग्लूटेन-फ्री’ पीठ कितीला मिळतं ते एकदा बघा.

खुंटा | ११ जून, रात्री १०.०५

इतके दिवस नुसता वाचत होतो. आमची गिरणी आहे, आजोबांपासूनची. ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे आणि काठीने झटकण्यापलीकडे आम्ही काही करू शकत नाही हेही खरं. दगडाला टाकी लावलेली असते, म्हणजे छिन्नीने खाचा पाडलेल्या असतात, त्या खाचांत पीठ बसतं. धुता येत नाही, ओला दगड चालत नाही. आणि नुसती चक्की वेगळी करूनही भागणार नाही, गिरणीच्या हवेतच गव्हाचं पीठ असतं. माझ्या वडिलांच्या भुवया संध्याकाळी बघा. वेगळी खोली पाहिजे.

पण एक सांगतो. ‘आधी कोणाचं चाललं होतं?’ हा प्रश्न आमच्याकडे नवा नाही. उपवासाच्या दळणाला लोक हेच विचारतात. त्यासाठी आमच्याकडे मागच्या खोलीत उपवासाची वेगळी चक्की आहेच. राजगिरा, वरई, शिंगाडा, एवढंच तिच्यात जातं. गहू कधीच नाही. एकादशी, नवरात्र, श्रावण सोडला तर ती बसूनच असते.

नाचणीसत्त्व | ११ जून, रात्री १०.०९

देवा. इतकी वर्षं ती गिरणीत होती?

फडताळ | ११ जून, रात्री १०.२०

म्हणजे देवासाठी जे केलंय ते आजारासाठी वापरायचं. झालं की!

वाती_ओवणारी | ११ जून, रात्री १०.४१

झालं कसं? उपवासाच्या चक्कीत ज्वारी घातली तर ती उपवासाची राहील का? मी तरी माझा राजगिरा तिथे देणार नाही. मुलाबद्दल वाईट वाटतंच, पण जे आहे ते आहे.

लाटकर | ११ जून, रात्री १०.५०

काकूंचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या तोच आहे जो नाचणीसत्त्व यांचा आहे. दोघींनाही दुसऱ्याचं पीठ नकोय.

खुंटा | २ जुलै, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. वडिलांशी बोललो. काकूंचंच वाक्य ऐकायला मिळालं, वर ‘आषाढीच्या तोंडावर हे काय काढलंस’ हेही. उपवासाच्या चक्कीला हात लावायचा नाही, विषय संपला.

मग दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, त्या बाईंचा मुलगा केवढा आहे? अकरा म्हटल्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीतली जुनी छोटी चक्की दाखवली. २०१२ पासून तिच्यावर पोती ठेवलीत. मोटर चालते. दगड जुने, त्यात गहू दळलेला, म्हणून दगड नवे घालायचे आणि कापडी पिशवीही नवी. खोलीला दार स्वतंत्र आहे. हिशेब केला : चाळीस घरं महिन्याला पाच-पाच किलो देणार असतील तर खर्च सुटतो. नफा नाही. वडील म्हणाले, उपवासाची चक्की तरी कुठे नफ्यात आहे.

दोन अडचणी आहेत. लोक घरून जे धान्य आणतील त्यातच गव्हाचे दाणे असले तर? आणि चक्की चालवणारा माणूस पुढच्या गिरणीतून पीठभरल्या कपड्यांनी मागे जाणार, त्याचं काय?

नाचणीसत्त्व | २ जुलै, रात्री ९.५२

धान्य तुम्हीच ठेवा, आमच्याकडून घेऊ नका. निवडायला आमच्या गटातल्या आया आळीपाळीने येतील. पहिल्या दळणाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा खर्च माझा, आणि आकडा २० च्या वर आला तर तोही इथे लिहीन. चालवणाऱ्याला वेगळा सदरा आणि टोपी, ती मागच्याच खोलीत टांगायची. चाळीस घरांचं नक्की सांगत नाही. आत्ता १७ आहेत.

गोदाकाठ | ३ जुलै, सकाळी ६.५०

ताई, निवडायला बाया मिळाल्या ना तुम्हाला. आमच्याकडंही पाठवा.

फडताळ | ३ जुलै, सकाळी ८.१५

खुंटा, दगडांचे पैसे मी देतो. हिस्सा म्हणून नाही, आईच्या नावाने. व्यक्तिगत निरोप बघा.

खुंटा | ३ जुलै, सकाळी ८.४०

बघितला. अर्धे घेतो, अर्धे वडील घालणार आहेत, ते ऐकत नाहीत. दगड मंगळवारी येतायत. नव्या दगडाची कच सुटते म्हणून पहिली दोन दळणं नुसत्या तांदळाची, ती कोणाला द्यायची नाहीत. तिसरं ताईंचं.

चहाटळ | ३ जुलै, सकाळी ९.०५

त्या दोन दळणांची खळ करा, मी माझ्या बुडालेल्या दुसऱ्या धंद्याची पत्रकं चिकटवतो. फडताळसाहेब, उरलेल्या ५६ कधी?

फडताळ | ३ जुलै, सकाळी ९.३०

रविवारी. पुढची ‘लग्नात चपला सांभाळणारा’ अशी आहे, आत्तापासून तयारी ठेवा.

वाती_ओवणारी | ३ जुलै, दुपारी २.२०

खुंटा बाळा, भाजणी दळणार असशील तर तिच्यात गहू असतो हे त्या आयांना आधी सांग. बिनगव्हाची कृती माझ्याकडे आहे, टाकते संध्याकाळी. आणि परवाच्या भिशीला कोणाची तरी काळी छत्री माझ्याकडे राहिलीय, अजून कोणी विचारलं नाही.